बाबांच्या तळपायाची आग: नसांच्या दुखण्यावर नेमकी कोणती गोळी?

पऱ्हाटी (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारतोय. वय ६४, शुगर जुनी, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू आहे. मागच्या कापूस वेचणीपासून त्यांच्या दोन्ही तळपायांची आग होते. दिवसभर कामात निभावून जातं, पण रात्री जेवणं आटोपली की सुरू होतं. मुंग्या, चटके, मधूनच करंट लागल्यासारखी कळ. चादरीचं टोक पायाला लागलं तरी दचकून उठतात. आणि त्याच पायातून चप्पल निघून पांदणीत मागे राहिली तरी त्यांना पत्ता लागत नाही.

गावात सुई आणि डायक्लोफिनॅक झालं, काही फरक नाही. मग तालुक्याला दाखवलं. तिथे प्रेगाबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन अशी एकत्र कॅप्सूल दिली, सकाळ-संध्याकाळ. दुखणं थोडं कमी आहे, पण गरगरतं आणि घोट्याजवळ सूज दिसते. नात्यातले एक जण म्हणाले की अमिट्रिप्टिलीन स्वस्त आणि चांगली. मेडिकलमध्ये विचारलं तर 'ती डिप्रेशनची आहे' म्हणाले. आईने ते ऐकलं आणि ठाम नाही म्हटलं.

पर्याय किती आहेत, कोणता कोणासाठी, हे कोणी नीट समजावून सांगेल का? बाबा रात्रीच्या रात्री बसून काढतात, बघवत नाही.

संत्राबाग (मोर्शी)

भाऊ, माह्या मोठ्या बाबाचं असंच होतं. त्याइले वाटे का उन्हात अनवाणी फिरल्यानं पाय पोळले. एक सांगतो, सुईच्या मागं लागू नका. दर बाजाराच्या दिवशी सुई घ्यायची अन् दोन दिवस बरं वाटायचं, असं लय दिवस चाललं. मंग समजलं का त्यात स्टेरॉइड असे, अन् शुगर साडेतीनशेच्या वर गेलती. डाक्टरले सरळ इचारजा, सुईत काय हाय म्हणून. चिठ्ठीवर लिहून मागजा.

ग्रामीण_फिजिशियन (वर्धा जिल्हा)

पऱ्हाटी भाऊ, तुम्ही लक्षणं फार नेमकी लिहिलीत, त्यामुळे बोलायला सोपं जातंय. धाग्यावरून औषध ठरवता येत नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगतो.

दुखण्याची खबर मेंदूला पोचवणारी नसच शुगरमुळे बिघडली आहे. मोटारीच्या केबलचं रबर सडलं की नको तिथे झटका बसतो, तसं काहीही लागलेलं नसताना नस 'भाजलं, टोचलं' असा निरोप धाडत राहते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या सूज आणि ठणक्यावरच्या. या निरोपावर त्यांचा जोर चालत नाही. शुगरच्या माणसाने त्या महिनोन्महिने घेतल्या तर किडनीचं नुकसान होतं ते वेगळंच.

नसांच्या दुखण्यावर पहिल्या फळीत औषधांचे तीनच गट आहेत. एक, अमिट्रिप्टिलीन आणि तिची बहीण नॉर्ट्रिप्टिलीन. दोन, ड्युलोक्सेटिन. तीन, प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन. २०१५ साली जगभरच्या चाचण्या एकत्र करून जो आढावा निघाला, त्यात अमिट्रिप्टिलीनच्या गटाची चार जणांना गोळी दिली तर साधारण एकाचं दुखणं निम्म्यावर येतं असं दिसलं. बाकी दोन गटांत तसा एक जण मिळायला सहा ते आठ जणांना द्यावी लागते. पण या चाचण्या वेगवेगळ्या लोकांवरच्या होत्या. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला ऑप्शन-डीएम हा अभ्यास आला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शुगरमुळे पाय दुखणारे १३० लोक घेतले आणि प्रत्येकाला आळीपाळीने तिन्ही वाटांनी नेलं: अमिट्रिप्टिलीनवर सुरुवात, ड्युलोक्सेटिनवर सुरुवात, प्रेगाबालिनवर सुरुवात. सहा आठवड्यांत पुरेसा आराम नसेल तर दुसऱ्या गटाची गोळी जोडायची. दुखणं दहापैकी सरासरी ६.६ होतं, १६ आठवड्यांनंतर तिन्ही वाटांनी ते ३.३ वर आलं. तिन्ही सारख्याच.

म्हणून 'सगळ्यात भारी गोळी कोणती' हा प्रश्न सोडून द्या. माणसाला दुसरे आजार कोणते आहेत, तो काम काय करतो, त्यावर गोळी ठरते.

अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. झोप लागते, स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडकू शकते. हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल, ठोके अनियमित असतील किंवा काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असेल तर टाळतात. वय झालेल्यांचा आधी ईसीजी काढून घेतलेला बरा. नॉर्ट्रिप्टिलीनने गुंगी थोडी कमी येते.

ड्युलोक्सेटिन २० किंवा ३० पासून, मग ६०. जेवणानंतर घ्यायची. पहिला आठवडाभर मळमळतं, मग बसतं. दारू पिणाऱ्याला, लिव्हर खराब असलेल्याला देत नाहीत. किडनी फार बिघडली असेल तरी नाही. बीपी तपासत राहायचं.

प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन जवळजवळ पूर्णपणे किडनीतून बाहेर पडतात. किडनी अर्धवट काम करत असेल आणि डोस पूर्ण असेल तर औषध अंगात साचतं. माणूस झोकांड्या खातो, बोलणं जड होतं. गरगरणं, पायावर सूज, वजन वाढणं हे या गटाचे नेहमीचे त्रास. तुमच्या बाबांना जे होतंय ते हेच दिसतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, कधी केली होती?

औषधवाला (पुसद)

'डिप्रेशनची गोळी' या एका वाक्याने किती जणांचा आराम हिरावला जातो ते काउंटरवर रोज दिसतं. नैराश्यावर अमिट्रिप्टिलीन ७५ ते १५० मिलिग्रॅम लागते. नसांच्या दुखण्याला १० किंवा २५ पासून सुरू होते आणि पुष्कळांना तेवढ्यातच भागतं. मणक्यातून दुखण्याचे निरोप वर जाताना त्यांना आवर घालणारी यंत्रणा शरीरातच असते, ती या गोळीने बळकट होते. दुखणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असा तिचा अर्थ मुळीच होत नाही. आईंना हे शांतपणे सांगा. माझ्याकडे कोणी पट्टी घेऊन आलं की मी स्वतःहून सांगतो, 'काकू, ही नसेसाठी दिली आहे.'

आणखी दोन गोष्टी. एकत्र कॅप्सूल सोयीची असते, पण तीत डोस हलवायला जागा नसते. प्रेगाबालिन ७५ ऐवजी रात्री फक्त ५० करायची तर सुटी कॅप्सूल हवी. काही कॅप्सूलमध्ये प्रेगाबालिनसोबत नॉर्ट्रिप्टिलीन असते आणि वरून दुसऱ्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन लिहिलेली असते, म्हणजे एकाच जातीच्या दोन गोळ्या. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचून घ्या, नाहीतर दुकानात वाचायला लावा. सुट्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त पडतात.

ट्रॅमाडॉल कोणी चिठ्ठीशिवाय देत असेल तर घेऊ नका. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तिची सवय लागते. ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलीनबरोबर घेतली तर घाम, थरथर, ताप, बडबड असा धोक्याचा प्रकार होऊ शकतो.

गोदाक्का (मेहकर)

नागीण झालेल्यांसाठी लिहिते, कारण तेही नसांचंच दुखणं. आमच्या सासूबाईंना पाठीपासून छातीखाली अर्धा पट्टा उठला होता. आमच्याकडे नागीण उतरवून घेतात, गेरूचा लेप लावतात, पट्ट्याची दोन्ही तोंडं भिडली की माणूस जगत नाही असं म्हणतात. फोड वाळले. सगळ्यांना वाटलं बरं झालं. पण त्या जागी पदराचा काठ घासला तरी त्या कळवळायच्या. चोळी घालणं बंद केलं, नुसतं जुनं मऊ लुगडं पांघरून बसायच्या.

मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत सांगितलं की फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर सुरू झालं तर विषाणू आटोक्यात येतो आणि आजार लवकर आवरतो. मोठ्यांना ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. नंतर राहिलेल्या दुखण्याला नॉर्ट्रिप्टिलीन दिली आणि लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा पातळ चिकटपट्टा त्या जागी लावायला सांगितला, दिवसाचे बारा तास लावायचा आणि बारा तास काढायचा. अखंड कातडीवरच, फोड असताना नाही. त्या पट्ट्याने त्यांना चोळी घालता आली. एवढ्याशा गोष्टीने बाईमाणसाचा जीव किती हलका होतो!

ज्यांच्या घरी आज नागीण निघाली असेल, त्यांनी गेरू लावायचा तो लावा, पण त्याच दिवशी दवाखान्यात जा.

संत्राबाग

अक्का, चांगलं सांगतलं. आमच्याकडं एक जण सांगे का मिरचीचा लेप लावा, डाक्टर लोकं बी मिरचीचं मलम देते म्हणे. खरं हाय का हे?

ग्रामीण_फिजिशियन

खरं आहे आणि धोक्याचंही आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन वेगळं काढून ०.०७५ टक्क्याचं मलम करतात. ते दिवसातून तीन-चार वेळा काही आठवडे लावलं की कातडीतल्या नसांची टोकं थंडावतात. ८ टक्क्यांचा पट्टाही असतो, पण तो हॉस्पिटलमध्येच, हातमोजे घालून लावतात. घरची भिवापुरी मिरची वाटून लावली तर बधिर पायावर फोड येतील आणि पेशंटला कळणारही नाही. शुगरच्या पायाला एक फोड म्हणजे कधी कधी बोट गमावणं. कृपा करून हे करू नका.

आशाताई (वरोरा तालुका)

मला इथे एक वेगळी गोष्ट सांगायची आहे आणि ती कोणी मनावर घेतली तर फार बरं होईल. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागात नस दुखते, हात-पाय बधिर आहे म्हटलं की कुष्ठरोग आहे का हे आधी बघावं लागतं. बाबा आमट्यांनी आमच्या वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं, अमरावतीचं तपोवन त्याच्याही आधीचं. एवढ्या वर्षांनंतरही सर्व्हेमध्ये आम्हाला नवे पेशंट सापडतात. लोक लाजेने लपवतात आणि शहरातून नसेची गोळी आणून खात बसतात.

खूण अशी: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, खाज नाही, घाम नाही. कोपराच्या मागची नस दोरीसारखी जाड लागते, दाबली की कळ जाते. करंगळी वाकडी होऊ लागते, चप्पल सुटते, पापणी पूर्ण मिटत नाही. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांचा डोस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांचा. पण उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही नस अचानक सुजून दुखायला लागली तर ती कुष्ठरोगाची रिअ‍ॅक्शन असते, शरीराचीच उसळी. तिथे प्रेगाबालिन देऊन दुखणं दाबून चालत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीत पूर्ण डोसने लागतं, हळूहळू कमी करत काही महिने. ते वेळेवर मिळालं तर हाताची ताकद परत येते. उशीर झाला तर हात कायमचा वाकडा. ही नस वाचवायची वेळ असते, नुसती दुखणं थांबवायची नाही.

ग्रामीण_फिजिशियन

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, खरं तर मीच आधी लिहायला हवं होतं. त्यात भर घालतो. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिडने नसा बिघडू शकतात. त्यासाठी बी-६ सोबत देतात. मोहाची दारू रोज पिणाऱ्यांना बी-१ कमी पडतं. फवारणीतल्या काही ऑर्गनोफॉस्फरस औषधांची विषबाधा झाली तर पेशंट घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायातली ताकद कमी होऊ शकते. कारण सापडलं तर आधी कारणावर इलाज, गोळी त्याच्या जोडीला.

पऱ्हाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रिपोर्ट आले. क्रिएटिनिन १.६. बी-१२ कमी आहे, १४०. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ९.१. ईसीजी नॉर्मल म्हणाले. बाबा माळकरी, अंडं-मटण कधीच नाही. लघवीला रात्री तीन-चारदा उठतात, धार बारीक आहे असं आता विचारल्यावर सांगितलं. यात काय करावं?

ग्रामीण_फिजिशियन

बघा, रिपोर्टने किती गोष्टी उलगडल्या.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. त्यात शाकाहार. बी-१२ च्या कमतरतेनेही अशीच आग आणि बधिरपणा येतो, म्हणजे इथे दोन कारणं एकमेकांवर बसलेली असू शकतात. १४० ला कॅप्सूलमधल्या चिमूटभर मिथाइलकोबालामिनवर विसंबू नका. इंजेक्शनचा कोर्स लागेल का हे डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. आणि ज्यांचं बी-१२ चांगलं आहे त्यांनी 'नसेची ताकद' म्हणून या गोळ्या वर्षभर खाण्यात अर्थ नाही. त्यातलं बी-६ फार दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात.

६४ व्या वर्षी क्रिएटिनिन १.६ म्हणजे किडनी निम्म्याच्या आसपास चालते आहे. दिवसाला दोनदा प्रेगाबालिन त्यांना जड जात असणार. डोस किडनीच्या हिशोबाने कमी करायला सांगा. अचानक बंद करू नका. कमीत कमी एक आठवडा घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवतात. झटक्यात सोडली तर झोप उडते, घाबरं होतं, मळमळतं, आणि दुखणं उसळून येतं. पायावरच्या सुजेसाठी हृदय आणि लघवीतली प्रथिनंही बघून घ्या; प्रत्येक सूज गोळीचीच असेल असं नाही.

लघवीची धार बारीक आहे म्हणून अमिट्रिप्टिलीन मी त्यांच्यासाठी मागे ठेवीन. राहिली ड्युलोक्सेटिन. लिव्हर ठीक असेल, दारू नसेल आणि बीपी आटोक्यात असेल तर त्यांच्या बाबतीत ती विचारण्यासारखी आहे. कमी डोसवर सुरू करून, लघवी आणि बीपीवर लक्ष ठेवून. हे सगळं कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

शुगर ९.१ वरून खाली आणायचीच आहे, पण दोन-तीन महिन्यांत एकदम साडेसहावर ओढू नका. फार झपाट्याने उतरवली तर काही जणांचं नसांचं दुखणं उलट भडकतं.

आणि घरच्यांची तयारी करा. ही औषधं डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. पूर्ण डोसवर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. दहापैकी आठचं दुखणं चारवर आलं आणि रात्रीची झोप मिळाली तर औषध लागू पडलं असं आम्ही मानतो. शून्यावर येण्याची वाट बघून लोक चांगली चाललेली गोळी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ओलितवाली (दिग्रस)

दादा, तुमच्याकडेही ओलिताला लाईट रात्रीच येत असेल, म्हणून सांगते. नसेची गोळी नवी सुरू झाली किंवा डोस वाढला की पहिले पंधरा दिवस बाबांना रात्री मोटारीवर पाठवू नका. माझ्या दिराला गॅबापेंटिन सुरू होती, विहिरीच्या काठावर भोवळ आली. बरोबर माणूस होता म्हणून निभावलं. ट्रॅक्टर, फवारणी, कडबा कटर, सगळ्याला हाच नियम. घरात रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. न्हाणीघरापर्यंत बल्ब लावून टाका.

पायाचं म्हणाल तर रोज संध्याकाळी मुलीने किंवा सुनेने तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. बाभळीचा काटा रुतून बसलेला असतो आणि माणसाला खबर नसते. आग होते म्हणून बर्फाच्या पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, थंडीत शेकोटीपुढे धरायचे नाहीत. मे महिन्यात अंगणातल्या फरशीवरही अनवाणी नाही. पुढून बंद असलेला, आत शिवण न टोचणारा बूट वावरात जातानाही घालायचा, आणि घालण्याआधी उलटा करून झटकायचा.

पऱ्हाटी

ताई, रात्रीच्या ओलिताला आता मी आणि धाकटा जातो. आईला औषधवाल्या भाऊंचं वाक्य वाचून दाखवलं, ती म्हणाली डॉक्टर जे लिहील ते देऊ. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, कागद तयार केलाय.

पांदणवाट (कारंजा)

याच धाग्यावर विचारतो. आमच्या काकूंना उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ येते, काही सेकंद. दात घासला, घास चावला, वारा लागला की येते. दोन दाढा काढून झाल्या, फरक नाही. प्रेगाबालिन चालेल का?

ग्रामीण_फिजिशियन

हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं वाटतंय, ट्रायजेमिनल न्युराल्जिया. आणखी दाढ काढू देऊ नका. यावर पहिलं औषध वेगळं आहे, कार्बामाझेपिन. साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा-दोनदा असं सुरू करून वाढवतात आणि बहुतेकांना काही दिवसांतच फरक कळतो. सुरू करण्याआधी रक्त आणि लिव्हरची तपासणी, नंतर सोडियम बघत राहायचं. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात. बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. हे औषध पुष्कळ औषधांचा असर कमी करतं. एकदा मेंदूचा एमआरआयही करून घ्या, नसेवर रक्तवाहिनी किंवा गाठ दाबत नाही ना ते कळतं. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये हे सगळं होतं.

पांदणवाट

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पट्टी सोबत घेऊन शुक्रवारी सेवाग्रामला नेतो.